धोका टळल्याचा निरोप

"ह्या घाणीला सिक्लोनचे वर्ग लावू नको गो," असं अंजनीबाई सुनेला म्हणाल्या होत्या. भांडणात नव्हे, कारली चिरता चिरता, अंगठ्याने बिया काढत, अगदी सहज.

सून म्हणजे देविशा. तेव्हा सातवा महिना लागलेला, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. सागरशीतन मंडळात ती सूचना लिहिण्याच्या कामावर होती. किनाऱ्यावरच्या कुजक्या वायूसाठी इशारे कसे द्यायचे, याचा मसुदा त्या आठवड्यात तिच्याकडून जायचा होता.

"लोकांना चार वर्ग पाठ आहेत, आई. पोरं अक्षरांच्या आधी वर्ग शिकतात इथे. नवं काही शिकवत बसायचं कशाला?"

"तेच तर सांगते. तीन म्हटलं की माणसाचे कान मिटतात नि हात चालायला लागतात. पुढे तू काय लिहिलंयस ते वाचतो कोण?"

"मोठ्या अक्षरात असेल. उंचावर जा म्हणून."

"माझ्या आईने सहा सिक्लोन काढले. कागद एकाचाही वाचला नाही तिने."

देविशा हसली. तिच्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि सासूबाई सहावीत शाळा सोडून उसाच्या मळ्यात गेलेल्या. "कारली जरा पातळ चिरा," एवढं बोलून तिने मसुदा पाठवून दिला.

मॉरिशस न पाहिलेल्यांना इथे थोडं सांगायला हवं. या बेटावर ऋतू दोनच. मे ते ऑक्टोबर हिवाळा, म्हणजे आग्नेयेचा एकसारखा वारा आणि संध्याकाळी एखादा स्वेटर. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, दमट आणि चिकट, आणि त्याच्याच पोटात जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. वादळाला तिथे सिक्लोन म्हणतात. पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेली मराठी घरंही सिक्लोनच म्हणतात. इशाऱ्याचे चार वर्ग. पहिल्याला लोक प्लायवूडच्या फळ्या बाहेर काढतात, दुसऱ्याला शाळा सुटतात, तिसऱ्याला दारं-खिडक्या ठोकून, फटींत ओली फडकी कोंबून, सगळं घर आतल्या खोलीत जमिनीवर बसतं. चौथ्याला करण्यासारखं काही उरत नाही. मग रेडिओवर धोका टळल्याचा निरोप येतो. त्यानंतर प्रत्येक घर काय करतं, तेही ठरलेलं: सगळी दारं उघडायची आणि गच्चीवर चढून पाण्याची टाकी जागेवर आहे का ते बघायचं. ही कवायत कुणी शिकवत नाही. ती अंगात असते.

तर सागरशीतन मंडळाने समुद्रात केलेला थंड पट्टा. वादळ हे समुद्राच्या उष्णतेवर चालणारं इंजिन आहे. वरचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या खाली गेलं की त्याला खाद्य मिळत नाही. मंडळाने बेटाच्या ईशान्येला, जिथून वादळं येतात त्या वाटेवर, नऊशे नळ्या उभ्या सोडल्या. प्रत्येक नळी चारशे मीटर खोल. लाटांच्या हिसक्यांनीच झडपा उघडायच्या, मिटायच्या आणि तळचं थंडगार पाणी वर यायचं. पहिल्याच उन्हाळ्यात दोन वादळं त्या पट्ट्यावर येऊन म्हाताऱ्या कुत्र्यासारखी बसली. असे तीन उन्हाळे बेटावर एक पत्रा उडाला नाही. लोकांनी फटाके उडवले, देविशानेही. तिचा नवरा रोशन नळ्यांच्या देखभालीच्या बोटीवर होता, तीन आठवडे समुद्रात आणि एक आठवडा घरी.

खोल पाणी नुसतं थंड नसतं. हजारो वर्षं वरून पडलेला मेलेला जीव तिथे विरघळून राहिलेला असतो, म्हणजे ते पाणी खतच. खत उन्हात आलं आणि शेवाळ माजलं. प्रवाहाबरोबर वाहत ते बेटाला वळसा घालून पश्चिमेच्या आडोशाला, प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात साचू लागलं. हे उथळ पाणी पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी एखादं वादळ घुसळून, खरवडून, बाहेर ओतून देई. घरातली मोरी घासावी तसं. आता मोरी घासणारंच कोणी येत नव्हतं.

ला-राई हे देविशाचं सासर त्याच आडोशाला.

तिथे शेवाळ टप्प्याटप्प्याने कुजायचं. पहिल्यांदा ते हिरवं असे, मग तपकिरी, मग काळं आणि शेवटी शेंबडासारखं पातळ. वर पांढुरकी साय धरे. सायीखाली बुडबुडे येत आणि फुटले की सडक्या अंड्याचा भपकारा गल्लीतून सरळ जेवणाच्या ताटापर्यंत. पोटं फुगलेले मासे त्या रबडीत उलटे पडत, तरी बुडत नसत, रबडीच इतकी घट्ट. माश्या एवढ्या, की भाताचा घास तोंडाशी नेताना दुसरा हात फिरवत राहावं लागे. देविशाला लेक झाली, तिया; तिच्या पायातले चांदीचे वाळे आठवड्यात काळे पडले. देविशाने ते काढून ठेवले आणि लेकीच्या घोट्यांवर उरलेले काळे वळ साबणाने घासत बसली. दिवसातून चार वेळा ती तियाच्या केसांचा वास घेई. पोरीला दुधाचा, झोपेचा वास यायला हवा. यायचा तो त्या काळ्या रबडीचा.

त्याहून किळसवाणं होतं ते मंडळाचं औदार्य. पलीकडच्या खाडीत मोठी हॉटेलं होती. त्यांच्या किनाऱ्याभोवती मंडळाने तरंगती जाळी लावून दिली, त्यामुळे त्यांच्या वाटणीचं शेवाळही ला-राईतच येई. शिवाय हॉटेलांतली यंत्रं हवेत व्हॅनिलाचा वास सोडत. गावालाही प्रत्येक खांबावर एक डबी मिळाली. कुजकं अंडं आणि वर व्हॅनिला. अंजनीबाई म्हणत, "मेलेल्या म्हशीला गजरा."

रोशन बोटीवरून आला की दारातच थबके. "घरात काय मेलंय?"

"काही नाही. तुझ्या नळ्या," देविशा म्हणे.

"मग काय, परत सिक्लोन हवंय तुला? काकाचं उडालेलं छप्पर विसरलीस?"

दोन दिवस ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वास ओळखी. तिसऱ्या दिवशी त्याचंही नाक मरे आणि तो पाय पसरून जेवी. हा त्या वायूचाच गुण. थोडा असेल तेव्हा घाण येते, सतत असेल तर नाक सवय करून घेतं, आणि खूप वाढला तर वासाची नसच बधिर होते. माणसाला वाटतं, हवा सुधारली.

चौथ्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, वारा पडला. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा मंदावतो हे ठाऊकच होतं, पण हा सहा दिवस हललाच नाही. नारळाची झावळी चित्रात काढल्यासारखी. सातव्या दिवशी पौर्णिमेची मोठी भरती होती. देविशा रोजच्यासारखी तियाला सासूबाईंकडे ठेवून पठारावरच्या कार्यालयात गेली. पाऊण तासाचा चढ, वर सदा रिमझिम आणि स्वच्छ गारवा. गाडीची काच खाली करून ती पहिला श्वास घेई, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटे.

अकराच्या सुमारास ला-राईच्या किनाऱ्यावरच्या वायू मोजणाऱ्या यंत्राचा आकडा चढू लागला. पाळी तिचीच होती. समोर तिचाच तक्ता, तिचेच आकडे. तिने चेत्तीसाहेबांना हाक मारली. विभागप्रमुख चेत्ती सभ्य माणूस, गुलाबी पाकाचं बिस्किट खात आले, आकडा पाहिला, बोटं रुमालाला पुसली.

"वर्ग तीन होतो. दे लावून."

तिने कळ दाबली. किनाऱ्यावरच्या चार गावांत भोंगे वाजले, फोन थरथरले: वर्ग तीन. आणि त्याखाली मोठ्या अक्षरात, घराबाहेर पडून उंचावर जा.

मग तिने घरी फोन लावला, तो पंधरा मिनिटांनी लागला.

"झालं गो सगळं," अंजनीबाई धापा टाकत म्हणाल्या. "शेजारून आरमाँने येऊन फळ्या ठोकून दिल्या. दाराखाली ओले टॉवेल लावलेत. मी नि पोर मागच्या खोलीत. तिया चटईवर खेळतेय."

देविशा खुर्चीतून उठली. "आई, खाली लिहिलंय ना, उंचावर जा म्हणून."

"कुठे लिहिलंय?" मग फोनवरचा मजकूर बघून, "अगो बाई."

"वास येतोय का?"

"सकाळी फार होता. आता नाही. बंद केल्यावर गेला बघ. पण ती मोरी मेली सारखी गुडगुडतेय. गडगड, गडगड, जसं कोणी चूळ भरतंय."

तेव्हा देविशाला सगळं एकदम दिसलं. भरतीच्या पाण्याने काळी रबडी पावसाळी गटारांच्या तोंडात रेटली होती. गटारांतला वायू मागे सरकून घराघरांच्या मोऱ्यांतून वर येत होता. यंत्र उघड्या किनाऱ्यावर होतं, त्याला आतलं काय कळणार. वायू हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीलगत साठणार. आणि साऱ्या गावाने घरं डब्यासारखी बंद करून, पोरांना घेऊन, जमिनीवर बैठक मारली होती. तिच्या सांगण्यावरून.

"आई, तियाला उचला. कडेवर, उंच धरा. दार उघडा नि गच्चीवर जा."

"तीनला गच्चीवर? माणसं हसतील."

"आई, हे सिक्लोन नाही. तुम्ही तेव्हा म्हणालात ते बरोबर होतं. माझं चुकलं. आता भांडू नका, जा."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. टॉवेल ओढल्याचा, कडीचा. जिना घराबाहेरून होता, सोळा पायऱ्या, आणि अंजनीबाईंचे गुडघे कामातून गेलेले. देविशा फोनमधून त्यांचा श्वास मोजत राहिली. नवव्या पायरीला तिया रडली. रडणारं मूल श्वास घेतं, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

"पोचलो," अंजनीबाई म्हणाल्या. "डोकं भणभणतंय माझं. पोर ओकली एकदा. पण लाल आहे तोंड, रडतेय चांगली."

"बाकीच्या गच्च्यांवर कोण आहे?"

"कोणी नाही गो. सगळं गाव बंद."

देविशा धावत चेत्तीसाहेबांच्या खोलीत गेली. म्हणाली, वर्ग काढून टाका, साध्या भाषेत दुसरी सूचना द्या.

"सूचनेत स्पष्ट आहे, उंचावर जा. भाषा तुझीच आहे," ते शांतपणे म्हणाले. "आपण सांगितलंय. लोक वाचत नसतील तर तो लोकशिक्षणाचा प्रश्न झाला. मजकूर बदलायचा तर समिती बोलवावी लागेल. अडीचला बोलावतो."

"अडीचपर्यंत माणसं मरतील, साहेब."

"घाबरून निर्णय घेत नसतात." त्यांच्या मिशीला गुलाबी साखरेचा कण चिकटला होता. त्या कणाकडे पाहून तिला जी शिसारी आली, तशी तिला काळ्या रबडीचीही कधी आली नव्हती.

ती जागेवर परतली. इशारा वाढवायला, बदलायला दोन माणसांची मान्यता लागे. धोका टळल्याचा निरोप मात्र पाळीवरचा कोणीही एकटा देऊ शके. चांगल्या बातमीने कोणी मरत नाही, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. आणि ला-राईतला प्रत्येक माणूस हा निरोप ऐकून काय करतो, हे देविशाला पक्कं ठाऊक होतं.

अकरा चाळीसला तिने खोटा निरोप दिला. धोका टळला आहे.

"अगो, येतायत," दोन मिनिटांनी अंजनीबाई म्हणाल्या. "दारं उघडतायत. ते बघ, रामजीचं कुटुंब टाकी बघायला चढलं. मागून ती शाळेतली बाई पोरं घेऊन. कोणी ओकतंय. मी ओरडून सांगतेय, खाली उतरू नका म्हणून."

"सांगत राहा. तिथेच बसवून ठेवा सगळ्यांना. तटरक्षकांना फोन केलाय मी, गॅसचे मुखवटे घेऊन निघालेत."

"हो. पण गो, आरमाँ नाही आला."

आरमाँ हा शेजारचा म्हातारा कोळी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा. पाण्याच्या सगळ्यात जवळचं घर त्याचं. सकाळी सगळ्या गल्लीच्या खिडक्यांना त्यानेच फळ्या ठोकल्या होत्या, आणि शेवटी स्वतःच्या, आतून.

"हाक मारा."

अंजनीबाईंनी क्रिओलमध्ये, बेटाच्या बोलीत, हाका मारल्या. देविशाला फोनवर अंधुक ऐकू आलं. मग फळ्यांमागून एक आवाजही आला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतो, डोळा असेल, अंजनी. थांब जरा."

वादळाच्या मध्यावर एक शांत जागा असते, तिला डोळा म्हणतात. ती डोक्यावर आली की वारा थांबतो, ऊन पडतं, माणसांना वाटतं सुटलो. ती बाहेर येतात आणि मग दुसऱ्या बाजूचा वारा येऊन त्यांना उचलून नेतो. बेटावरच्या म्हाताऱ्यांनी हे पाहिलेलं किंवा आईबापांकडून ऐकलेलं. पहिल्या निरोपावर ते कधीच विश्वास ठेवत नाहीत. तास-दोन तास आत बसून राहतात. ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं, नेमके तेच आत राहिले. देविशाने या कवायतीचा हिशेब मांडला, त्यात म्हातारे धरले नव्हते.

"मी जाते खाली," अंजनीबाई म्हणाल्या. "तीस पावलं आहेत. दार लाथेने उघडीन."

"नाही."

"देवी, माणूस आहे तो."

"तियाला कोणाजवळ ठेवाल? गच्चीला कठडा नाही. रामजीची गच्ची गल्लीपलीकडे. तुम्ही तिथे पडलात तर ती मागून जिना उतरेल, आई. दोन वर्षांची आहे ती."

गच्चीवरच्या उघड्या सळयांशी तिया काहीतरी टण् टण् वाजवत होती.

"आरमाँ," अंजनीबाईंनी पुन्हा हाक मारली. पुन्हा. चौथ्या हाकेला आतून काही आलं नाही. पाचव्यालाही नाही. देविशाने फोन कानाला लावून धरला आणि एकदाही 'जा' म्हटलं नाही.

एक वाजता तटरक्षक पोचले. दोन वाजता वाऱ्याची पहिली झुळूक आली. चार गावांत मिळून सहा माणसं गेली, सगळी सत्तरीच्या वरची, सगळी ओल्या टॉवेलांनी बंद केलेल्या खोल्यांत. आरमाँ दाराजवळ बसलेला सापडला, मांडीवर हातोडी.

तीन आठवड्यांनी मंडळाचा अहवाल आला. इशाऱ्याचा अवधी चौतीस मिनिटं. अकरा चाळीसला धोका टळल्याचं अधिकृतपणे जाहीर. इशाऱ्याच्या काळात जीवितहानी शून्य. त्याच दिवशी दुपारी किनारपट्टीवर वार्धक्याने झालेल्या सहा मृत्यूंचा या घटनेशी संबंध आढळत नाही. शेवटच्या पानावर तत्पर अधिकारी म्हणून देविशाच्या नावे प्रशस्तिपत्र.

तिने तो कागद दोन बोटांत धरला, पोट फुगलेला मासा शेपटीने धरतात तसा. माणसांना बाहेर काढण्यासाठी ती खोटं बोलली होती. मंडळाने तेच खोटं पांघरूण म्हणून वापरून सहा प्रेतं झाकली. आणि पांघरूण तिच्याच हातचं, हे विशेष.

"खूष व्हायला हवंस," चेत्तीसाहेब म्हणाले. "तुझा नियमभंग कोणाच्या लक्षातसुद्धा आला नाही."

त्यांनी पुढे केलेला हात ओलसर होता. नंतर ती बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत उभी राहिली.

घरी अंजनीबाई तियाला वरणभात भरवत होत्या. त्या दिवसापासून सासू-सुनेत कामापुरतं बोलणं उरलं होतं. मीठ दे, दूध उतू जातंय, एवढंच. देविशाने अहवाल वाचून दाखवला. अंजनीबाईंनी पोरीचं तोंड पुसलं.

"वार्धक्य म्हणे. सकाळी अकरा खिडक्या ठोकल्या त्याने. कसलं वार्धक्य?"

"आई, त्या दिवशी मी तुम्हाला अडवलं."

"अडवलंस ते बरोबर केलंस. गेले असते तर पोर गेली असती, बहुतेक मीही." त्यांनी पुढचा घास कालवला. "ते कळतंय मला. कळतंय, तरी घास गोड लागत नाही. तू बरोबर होतीस म्हणून मी तुला माफ करू, की रागवू, ते ठरत नाही माझं. तू मला विचारू नको."

रात्रीच्या जेवणाआधी रोशनचा बोटीवरून फोन आला. देविशाने त्याला सांगितलं, मी मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत खरं सांगणार आहे.

"काय सांगणार? खोटा निरोप दिला म्हणून? त्यात कोणाचं भलं होणार?"

"निरोप खोटा ठरला की धोका चालू होता हे ठरतं. मग ते सहा जण म्हातारपणाने गेले असं म्हणता येणार नाही."

"आणि तुझी नोकरी? माझी? नळ्या बंद केल्या नि पुढच्या वर्षी खरंच आलं सिक्लोन, तर?"

"मला नाही माहीत, रोशन. मला एवढंच माहीत आहे, की तू घरात येतोस तेव्हा दोन दिवस तुला वास येतो. मला आता तेही होत नाही. कार्यालयात बसून तो अहवाल वाचला, तर पहिल्यांदा मला काही वाटलंच नाही. चांगलं लिहिलंय, असं वाटलं. मिनिटभर. त्याची भीती वाटली."

तो म्हणाला, "तियाला फोनवर दे."

देविशाने न्यायाधीशांसमोर सगळं सांगितलं. वर्गांचा मसुदा कोणाचा, सासूबाई काय म्हणाल्या होत्या, खोटा निरोप का दिला, आणि आरमाँच्या दारापर्यंतची तीस पावलं. सहा मृत्यूंची नोंद बदलली. देविशाला कामावरून काढलं, तिच्यावरचा खटला अजून चालू आहे. चेत्तीसाहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. नळ्या चालूच आहेत, कारण बेटावर निम्म्याहून जास्त लोकांना त्या हव्यात, आणि त्यांचंही चुकतं असं तिला म्हणवत नाही. वायूच्या इशाऱ्याला चार वर्गच ठेवलेत. लोकांना सवय आहे, असं कारण दिलंय. ते वाक्य देविशाच्याच मसुद्यातलं आहे.

आता पुन्हा फेब्रुवारी आहे. मंगळवारपासून वारा पडलाय, भरती शनिवारी आहे. देविशा रोज सकाळी तियाला कडेवर घेऊन गल्लीभर फिरते, मोऱ्यांच्या जाळ्यांवर ओल्या वाळूच्या पिशव्या ठेवायला सांगते, गच्चीवर पाणी आणि छत्री आधीच नेऊन ठेवायला सांगते. अंजनीबाई मागून येतात आणि लोकांनी दुर्लक्ष केलं तर शिव्या देतात. पुष्कळ जण ऐकतात. एक घर ऐकत नाही.

आरमाँच्या घरात आता त्याची थोरली बहीण क्लेमाँस राहायला आली आहे, ऐंशीच्या पुढची. देविशाने रोज दार वाजवलं. काल आतून उत्तर आलं, "धोका टळला म्हणून सांगणारी तूच ना? मग आता धोका आहे म्हणतेस त्यावर मी का विश्वास ठेवू?" बाईंचं बरोबर होतं.

म्हणून आज दुपारी, तिया झोपल्यावर, तिने हे सगळं लिहून काढलं आणि ज्यांचे नंबर तिच्याकडे होते त्यांना, आणि त्यांच्याकडून पुढे ज्यांना जाईल त्यांना, पाठवलं. कुठलाही वर्ग न लावता. शेवटी तिने लिहिलं:

'तुम्ही ला-राईच्या जवळपास असाल, तर शनिवारच्या आत क्लेमाँसबाईंकडे जाऊन या. पाण्याकडचं शेवटचं घर, हिरवं दार. फोन करू नका, फोनवर त्या बरं आहे असंच सांगतात. मला त्या दार उघडणार नाहीत, पण तुमच्याशी त्यांचं काही वैर नाही. काहीतरी खायला घेऊन जा, थोडा वेळ बसा, आणि निघताना त्यांना सोबत घेऊन वर या. लांब असाल तर तुमच्याकडे असं एखादं दार असेलच. तिथे जा. मला नंतर एका ओळीत कळवा, की त्यांनी दार उघडलं.'